शकुंतलेच्या वाटेने अचलपूर

दिवाळीची सुटी लागली की आमच्या घरी एकच वाद असतो, यंदा कुठे जायचे? मोठीला हैदराबाद पाहायचे होते, धाकट्याला समुद्र. वाद रंगात आला असताना अम्मी दस्तरखानवरून उठता उठता म्हणाल्या, "मला अचलपूरला न्या. आपाच्या डोळ्यांचं काही खरं नाही, असं फोनवर सांगत होते. तिला मी दिसेन तोवर एकदा जाऊन येऊ."

त्यानंतर हैदराबादचे नाव कोणी काढले नाही.

आपा म्हणजे अम्मींची मोठी बहीण, आमच्या खाला. आम्ही मूर्तिजापूरला राहतो, खाला अचलपूरला. मधले अंतर रेल्वेच्या हिशोबाने 76 किलोमीटर. पण दोघी बहिणींची भेट होऊन सहा वर्षे झाली होती. "का नाही जमलं?" असे कोणी विचारले तर आमच्याकडे उत्तर तयार असे, "शकुंतला बंद पडली ना!"

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. शकुंतला हे आमच्या लहान गाडीचे नाव. वेळापत्रकात ती साधी पॅसेंजर होती, शकुंतला हे तिचे नाव लोकांच्या तोंडचे. यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूर हा 113 किलोमीटरचा एक फाटा आणि मूर्तिजापूरहून बनोसा, अंजनगावमार्गे अचलपूर हा दुसरा. दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. शेजारून मुंबई-नागपूरची मोठी लाइन जाते, तिच्या रुळांत साडेपाच फूट. मूर्तिजापूर स्टेशनवर या दोन्ही लाइनी एकमेकींना भेटत. लहानपणी मोठी गाडी पाहून शकुंतलेकडे वळले की वाटे, खेळण्यातली गाडी कोणीतरी रुळावर आणून ठेवली आहे.

निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांना घेऊन आम्ही स्टेशनवर गेलो. लहान लाइनीच्या बाजूला गवत कमरेइतके वाढले होते. रुळ कुठे दिसत होते, कुठे गवतात बुडाले होते. बाभळीच्या फांद्या रुळावर आडव्या आल्या होत्या. एक शेळी रुळाच्या मधोमध निवांत चरत होती. धाकट्याने विचारले, "अब्बा, इथून खरंच माणसं जायची?" आमच्याने पटकन उत्तर दिले गेले नाही.

खरे तर ही लाइन माणसांसाठी घातलीच नव्हती. ती कापसासाठी होती. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. पुढे 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या जमिनीवर पडली. मुंबईची मोठी लाइन 1867 मध्ये नागपूरला पोहोचली. पण कापूस पिकत होता लाइनीपासून दूर, दर्यापूर, अंजनगाव, दारव्हा, यवतमाळकडे. तिथून बैलगाडीने गाठी आणायला दिवस लागत. म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या मुंबईतल्या इंग्रजी पेढीने ही लहान लाइन उभी केली. त्यासाठी 1910 मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. शकुंतला गाठी आणायची, मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर त्या मोठ्या गाडीत चढवल्या जायच्या, तिथून मुंबईचे बंदर आणि पुढे विलायत.

वर्गात हा धडा शिकवताना मुले हमखास विचारतात, "सर, शकुंतला अजून इंग्रजांची आहे ना? आपण त्यांना अजून पैसे देतो ना?" ही गोष्ट वऱ्हाडात घराघरांत सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. 1951 मध्ये रेल्वेची नवी मांडणी होऊन मध्य रेल्वे अस्तित्वात आली, तेव्हा ही लाइन सरकारजमा झाली नाही, ती कंपनीचीच राहिली, हे खरे. कराराप्रमाणे गाडी रेल्वे चालवायची आणि कमाईतला वाटा कंपनीला जायचा, हेही खरे. पण किलिक निक्सन पुढे भारतीयांच्या हाती आली. तेव्हा विलायतेच्या राणीला आमच्या तिकिटाचे पैसे जात होते, असे नाही. आम्ही मुलांना सांगतो, दुखणे वेगळे होते. घर एकाचे आणि राहणारा दुसरा, मग छप्पर कोणी शाकारायचे? रुळ जुने झाले, पूल जुने झाले, गाडीचा वेग उतरत उतरत सायकलच्या जवळ आला.

इंजिनाचीही एक गोष्ट आहे. 1921 मध्ये मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन 1923 पासून या लाइनीवर धावत होते. ते 15 एप्रिल 1994 रोजी थांबले आणि त्याच्या जागी डिझेलचे आले. म्हणजे सत्तर वर्षे एकाच इंजिनाने वऱ्हाड ओढला! अम्मी लग्न होऊन आल्या त्या याच इंजिनाच्या मागे. खिडकीतून कोळशाची ठिणगी उडून त्यांच्या लाल दुपट्ट्याला दोन बारीक भोके पडली होती. तो दुपट्टा अजून लोखंडी पेटीत आहे. लहानपणी आम्ही भावंडे त्या भोकांतून एक डोळा मिटून पाहत असू आणि अम्मी ओरडत, "ठेवा तो! माझ्या माहेरच्या गाडीची निशाणी आहे ती."

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर चहा घेऊन आम्ही पाच जण कारने निघालो. अम्मी पुढच्या सीटवर. त्यांना बस सोसत नाही. गुडघे दुखतात, पायरी चढवत नाही आणि दर्यापूर येईपर्यंत उलट्या सुरू होतात. शकुंतलेत यातले काही नव्हते. गाडी हळू, त्यामुळे पोटात पाणी हलत नसे. गर्दी नसेल तर बाकावर आडवे होता येई. तिकीट इतके स्वस्त की बाईमाणसाला नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नसे, अंडी विकून किंवा शिलाईच्या पैशातून तिकीट निघे. शिवाय गार्ड, फाटकवाला, चणेवाला सगळे ओळखीचे. अब्बा मरहूम फार कडक होते, पण अम्मींना एकटीला शकुंतलेत बसवून देताना त्यांनी कधी काळजी केली नाही. "डब्यात अर्धं गाव आपलंच असतं," असे ते म्हणत.

लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडली. इथून पुढे खारपाण पट्टा. जमीन काळीभोर, पण विहिरीचे पाणी खारे. पावसाच्या भरवशावर कापूस, तूर आणि थंडीत हरभरा. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. बायका ओटी बांधून वेचत होत्या. रस्त्याने कापसाच्या गाड्या भरून चालल्या होत्या, ट्रॅक्टर आणि छोटे टेम्पो. कापूस थांबला नाही. त्याने दुसरी वाट धरली. ज्याच्यासाठी लाइन घातली तो केव्हाच रस्त्याने जाऊ लागला होता. शेवटपर्यंत शकुंतलेत बसत होती ती आमच्यासारखी माणसे. कोणी दवाखान्याला, कोणी बाजाराला, कोणी माहेराला.

"इथं गाडी थांबायची," अम्मी मध्येच म्हणाल्या. आम्ही पाहिले, स्टेशन नव्हते. एक लिंबाचे झाड आणि शेताचा धुरा होता. "इथं कोणतं स्टेशन?" मोठीने विचारले. "स्टेशन नाही गं. इथल्या एका म्हातारीला डोक्यावर भारा असला की ड्रायव्हर थांबवायचा."

शेवटच्या वर्षांत माणसे इतकी कमी केली होती की गार्डच स्टेशनवर उतरून तिकिटे द्यायचा. फाटक आले की गाडी थांबायची, फाटक बंद व्हायचे, गाडी पुढे जायची, पुन्हा थांबायची, फाटक उघडायचे आणि मग प्रवास सुरू. मुले हसून हसून लोटपोट झाली. आम्हीही हसलो. पण मनात आले, ज्या गाडीत म्हातारीच्या भाऱ्यासाठी थांबायची सवड होती, ती हिशोबाच्या वहीत तोट्याचीच दिसणार.

बनोसा म्हणजे दर्यापूर. इथे खाली उतरून स्टेशन पाहिले. छपराखाली दोन माणसे पत्ते खेळत होती. त्यांतले एक काका म्हणाले, "फोटो काढायला आले का? पुष्कळ येतात. गाडी होती तेव्हा कोणी आलं नाही." आम्ही मोबाइल खिशात ठेवला.

आधी यवतमाळकडची बाजू थांबली. अचलपूरची गाडी कधी बंद, कधी चालू करत काही काळ चालली आणि करोनापासून तीही नाहीच. रुंदीकरणाच्या घोषणा झाल्या, आंदोलने झाली, निवेदने गेली. काहींचे म्हणणे, मोठी लाइन करा. काहींचे म्हणणे, दार्जिलिंगसारखी आहे तशीच जपा. यवतमाळला आता वर्ध्याकडून नवी मोठी लाइन येते आहे, त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरूही झाला. अचलपूरच्या बाजूला मात्र अजून गवतच आहे.

अंजनगावला पोहोचेपर्यंत वाटेत बरेच थांबल्याने जुहरची वेळ झाली. अंजनगाव सुर्जी हे इतिहासाच्या पुस्तकातले गाव. 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात इथेच तह झाला. आजूबाजूला पानमळे आहेत आणि पानपिंपळीची शेती. खारपाण संपून गोडे पाणी लागल्याचे हिरवळीवरूनच कळते.

मशिदीत वजू करताना धाकट्याने विचारले, "आपण प्रवासात आहोत, मग कस्र करायची ना? दोनच रकअत?" नुकतेच मदरशात शिकला होता, त्यामुळे हुशारी दाखवायची होती. तेव्हा आम्हाला नाना आठवले. नाना अचलपूरचे, अम्मींचे वडील. ते लेकीकडे शकुंतलेने येत आणि दरवेळी हाच हिशोब मांडत. आपल्या हनफी हिशोबाने कस्रसाठी प्रवास अठ्ठेचाळीस मैलांचा, म्हणजे सत्याहत्तर किलोमीटरच्या थोडा वर हवा. आणि लाइन 76 किलोमीटरची! नाना मूर्तिजापूरला उतरून पूर्ण चार रकअत पढत आणि अब्बांना हसून म्हणत, "दामादजी, बेटी इतनी पास दी है के नमाज भी कस्र नही होती."

आम्ही धाकट्याला हे सांगितले आणि चार रकअत पढलो. सलाम फिरवल्यावर मात्र जागेवरून लवकर उठवेना. ज्या अंतराला शरीअतनेही सफर म्हटले नाही, मुसाफिराची सवलतही दिली नाही, ते अंतर कापायला आम्हाला सहा वर्षे लागली होती. या सहा वर्षांत अचलपूरला आमचे मामू गेले, 2021 च्या दुसऱ्या लाटेत. अम्मींना सख्ख्या भावाचा चेहरा पाहता आला नाही. तेव्हा बंदी होती, इलाज नव्हता. पण त्यानंतर? त्यानंतर तर बंदी नव्हती.

पथ्रोट मागे पडले तशा सातपुड्याच्या रांगा जवळ आल्या. संत्र्याच्या बागा सुरू झाल्या आणि अम्मी सावरून बसल्या. दुपट्टा नीट केला, चष्मा पुसला. सत्तरी ओलांडलेली बाई माहेरच्या शिवेवर कशी होते, ते आम्ही त्या दिवशी पाहिले.

अचलपूर! सापन आणि बिच्छन नद्यांच्या काठचे हे गाव एके काळी वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होते. फतहुल्ला इमादुल्मुल्कने 1490 च्या सुमारास बहमनींपासून वेगळे होऊन ही सल्तनत उभी केली. तो मूळचा कर्नाटकातल्या हिंदू घरचा, लढाईत पकडला जाऊन वऱ्हाडात आलेला. गाविलगड आणि नरनाळ्याच्या किल्ल्यांशी त्याचे नाव जोडलेले आहे. 1574 मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाने हे राज्य जिंकले. आमच्या मूर्तिजापूरचे नाव त्याच्यावरूनच पडले असे सांगतात. म्हणजे अम्मींचे माहेर हरलेल्याचे आणि सासर जिंकणाऱ्याचे, असे आम्ही म्हणालो, तर अम्मींनी लगेच उत्तर दिले, "सासर नेहमी जिंकतंच."

गल्ली अरुंद, म्हणून कार बाहेर लावून चालत गेलो. खाला ओसरीवर खाटेवर बसल्या होत्या. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण नजर आमच्या बाजूने निघून गेली. अम्मी जवळ जाऊन काही बोलल्या नाहीत. नुसता हात पुढे केला. खालांनी तो हात धरला, बांगड्या चाचपल्या, अंगठ्याच्या मुळाशी लहानपणी विळा लागला होता तो वण चाचपला आणि म्हणाल्या, "आ गई? इत्ता वखत लगाया?"

मग दोघी रडल्या. आम्ही मुलांना घेऊन अंगणात गेलो.

जेवणे झाल्यावर पुन्हा तेच निघाले. खाला म्हणाल्या, "गाडी बंद पडली, नाहीतर मीच आले असते." अम्मी म्हणाल्या, "गाडी असती तर मी दर महिन्याला आले असते." आम्हीही मान हलवली. तेवढ्यात मोठी, नववीत आहे ती, अगदी सहज म्हणाली, "पण दादी, आपल्याकडे कार येऊन तर तीन वर्षं झाली."

कोणीच काही बोलले नाही. पोरीने उद्धटपणा केला नव्हता, खरे तेच सांगितले होते. या तीन वर्षांत आम्ही कारने शेगावला गेलो, अमरावतीला खरेदीला दहा वेळा गेलो, चिखलदऱ्यालाही गेलो. चिखलदऱ्याची वाट तर परतवाड्यावरून जाते, खालांच्या घरापासून हाकेच्या अंतरावरून! तेव्हा उशीर झाला म्हणून थांबलो नव्हतो.

शाळेत आम्ही मुलांना सिला रहमी शिकवतो. नाते जोडून ठेवणे हे ईमानाचे लक्षण आणि नाते तोडणे किती मोठा गुनाह, हे सांगतो. नाते तोडणे म्हणजे भांडण, अबोला, इस्टेटीचा दावा, असेच आपल्याला वाटते. आमचे तर कोणाशी भांडण नव्हते. ईदला फोन जात होता, कुर्बानीचे गोश्त कोणी येणारे-जाणारे मिळाले की पाठवत होतो. भांडणाशिवायही नाते सुटते, हे त्या ओसरीवर कळले. ते सुटताना आवाज होत नाही, म्हणून आपण शकुंतलेचे नाव पुढे करतो आणि मोकळे होतो.

याचा अर्थ शकुंतला गेल्याचे दुःख खोटे, असे नाही. आमच्याकडे कार आहे. ज्यांच्याकडे नाही अशा कितीतरी बाया या लाइनीच्या दोन्ही टोकांना आहेत. दोन बस बदलण्याची ताकद नाही, टॅक्सीला पैसे नाहीत आणि सोबत यायला घरातल्या कोणाला वेळ नाही. त्यांचे माहेर लाइनीबरोबर बंद झाले. लाइन तोट्यात होती, असे सांगतात. असेल. पण त्या वहीत अम्मींसारख्या बायांच्या चुकलेल्या भेटी कोणत्या रकान्यात लिहिल्या? म्हणून गाडी मागणाऱ्यांच्या निवेदनावर आम्ही पुन्हा सही करू. मोठी लाइन होवो की लहानच राहो, गरिबाला परवडेल अशी गाडी या वाटेवर हवी. आणि ती येईपर्यंत आपल्या दारातली गाडी ज्यांच्या कामाची आहे त्यांच्यासाठी काढावी लागेल.

दुसऱ्या दिवशी खालांना परतवाड्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रियेने काही दिसू लागेल, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याचे सांगता येत नाही म्हणाले. अल्लाह शिफा देवो. जानेवारीतली तारीख घेतली. ते ऑपरेशन सहा वर्षांपूर्वीही करता आले असते. पण सोबत नेणारे कोणी नव्हते.

असरनंतर निघालो. खालांनी मोठ्या पिशवीत संत्री भरून दिली आणि धाकट्याच्या मुठीत शंभराची नोट कोंबली. पथ्रोटजवळ रुळ रस्त्याच्या अगदी कडेला येतात. उन्हे कलली होती. अम्मी रुळांकडे पाहत होत्या.

"पुढच्या महिन्यात कोणत्या तारखेला जायचं?" त्यांनी विचारले.

"दुसऱ्या रविवारी, इन्शाअल्लाह," आम्ही म्हणालो.

"लिहून ठेव," अम्मी मोठीला म्हणाल्या. "तुझे आईबाप विसरतात."